नाशिकची लेखणी, गोव्याचा गळा

२० फेब्रुवारी २००७ च्या रात्री इटलीतल्या मिलान शहरात, ला स्काला या प्रसिद्ध ऑपेरागृहात, हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने एक नियम मोडला. दोनिझेत्तीच्या ऑपेरातलं एक गाणं त्याने संपवलं, टाळ्या थांबेनात, आणि त्याने तेच गाणं पुन्हा म्हटलं. ला स्कालात १९३३ पासून कुणा एकट्या गायकाने असं केलं नव्हतं. गायकाने एकदा गावं आणि नाटक पुढे सरकावं, अशी तिथली शिस्त. ती मोडली म्हणून जगभर बातमी झाली.

मराठी माणसाला यात बातमी काय, असाच प्रश्न पडेल. आपल्याकडे याला ‘वन्स मोअर’ म्हणतात. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने तो हक्क म्हणून वापरला. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, त्यातला बराच वेळ या वन्स मोअरांनी खाल्लेला असायचा.

फ्लोरेस हा टेनर. टेनर म्हणजे ऑपेरातला उंच आवाजाचा पुरुष गायक. नायकाची भूमिका बहुतेक वेळा त्याच्याकडे असते. ज्या गाण्यासाठी तो वन्स मोअर होता, त्यात ‘हाय सी’ नावाचा एक अवघड स्वर नऊ वेळा लावावा लागतो. हा स्वर किती उंच? हार्मोनियमच्या हिशेबाने पाहू. एखाद्या पुरुषाने पांढरी चार ही पट्टी घेतली, तर त्याच्या तार सप्तकातला पंचम म्हणजे बरोबर तो हाय सी. आज शास्त्रीय गाणारे बरेच पुरुष काळी एकच्या आसपास गातात. जुन्या संगीत नाटकातले नट यापेक्षा बऱ्याच वरच्या पट्टीत गायचे. मिलानमध्ये ज्या उंचीवर टाळ्या पडल्या, त्या उंचीच्या आसपास आपल्याकडचे काही गळे रोज रात्री ये-जा करत होते.

अशाच एका गळ्याची ही गोष्ट आहे. त्या गळ्याचं नाव रामदास कामत. १८ फेब्रुवारी १९३१ ला गोव्यात जन्म, ८ जानेवारी २०२२ ला मुंबईत मृत्यू. तुमच्या घरात सकाळी नाट्यसंगीत लागत असेल, तर हा आवाज तुम्ही नाव न कळता ऐकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा काळ समजून घ्यायचा, तर मात्र गोवा आणि मुंबईबरोबर आणखी एका गावात जावं लागतं: नाशिकला.

उंच का गायचं?

आधी उंच आवाजाचं कारण पाहू. ऑपेरागृहात आजही गायकापुढे माइक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, त्यामागे दोन-तीन हजार माणसं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द ऐकू गेला पाहिजे. त्यासाठी टेनर गळ्याची अशी ठेवण कमावतो की आवाजातली बरीच ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास गोळा होते. त्या भागात वाद्यवृंद तुलनेने दुबळा असतो, म्हणून आवाज त्यातून आरपार निघतो. पूर्वी टेनर मंडळी सर्वांत वरचे स्वर हलक्या, पातळ आवाजात लावायची. १८३७ मध्ये पॅरिसला जिल्बेर द्युप्रे याने हाय सी छातीच्या भरदार आवाजात लावला आणि लोक वेडे झाले. ज्याची ती रचना होती त्या रोसिनीला मात्र तो आवाज मुळीच आवडला नव्हता.

आपल्याकडेही अडचण तीच होती: माइक नाही, पेट्रोमॅक्सच्या उजेडातलं थिएटर, कधी कनाती बांधून उभारलेला मंडप, आणि पिटातला बोलका प्रेक्षक. म्हणून नायकाचा गळा उंच आणि खणखणीत लागायचा. केशवराव भोसले हे त्यातलं मोठं नाव. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. त्यात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव. तीनच महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. पुढे मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आले आणि त्यांच्या तेजस्वी, वरवर झेपावणाऱ्या गाण्याने धैर्यधराला नवी चाल दिली. पुरुषाच्या उंच आवाजातलं शौर्य आणि प्रेम म्हणजे काय, ते महाराष्ट्राने या दोघांकडून ऐकलं.

नाशिकचं थिएटर

संगीत नाटकाचं तेव्हा समाजात स्थान काय होतं, हे नाशिकच्याच एका रात्रीवरून कळतं. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन बदली होऊन निघाला होता आणि त्याच्या निरोपासाठी तो प्रयोग होता. तिथेच तरुण अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना क्रांतिकारकांच्या प्रकरणात येते आणि ते योग्यच आहे. आपल्यासाठी तिच्यातला एक बारीक तपशील महत्त्वाचा: इंग्रज कलेक्टरला निरोप द्यायचा, तर गावातला सगळ्यात मानाचा कार्यक्रम कोणता? संगीत नाटक.

त्यानंतर पंचवीस वर्षांत हा डौल संपला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. गाणं आता चार आण्यांत पडद्यावर मिळू लागलं, तेही रोज, प्रत्येक गावात, आणि नायकाचा घसा कधी बसत नव्हता. नाटक मंडळी म्हणजे एक मोठं कुटुंब असायचं. नट, साथीदार, आचारी, रंगपट सांभाळणारे, सगळे पगारी, सगळ्यांचं बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावाला हलणारं. हा खर्च पेलेना. कर्ज वाढलं, एकेक मंडळी मोडली. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात उभे राहिले.

मंडळी मोडली याचा गायकाच्या दृष्टीने अर्थ असा की त्याची शाळा, नोकरी आणि घर एकाच वेळी गेलं. यानंतर नाटकं होत राहिली ती कंत्राटावर. नटाला दर प्रयोगाचे पैसे मिळायचे, त्याला ‘नाइट’ म्हणतात. नाइटवर संसार चालवणं अवघड, आणि नाइटवर गळा घडवणं त्याहून अवघड. रियाजाचे कुणी पैसे देत नाही.

युरोपातही युद्धं झाली, सिनेमा आला. पण ला स्काला, व्हिएन्ना, पॅरिस इथली ऑपेरागृहं सरकारने, शहराने, देणगीदारांनी टिकवून धरली. त्यामुळे तिथल्या टेनरला आजही हंगाम असतो, करार असतो, शिकवणारे मार्गदर्शक असतात. आपल्याकडे गळे होते, पण त्यांना धरून ठेवणारं घर उरलं नव्हतं.

नोकरदारांची रंगभूमी

साठीच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उठलं. विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ १९६० च्या सुमारास आली, १९६३ मध्ये राम मराठ्यांचं ‘मंदारमाला’. आणि मग एक वेगळाच मेळ जुळला, ज्याची एक बाजू नाशिकला होती आणि दुसरी गोव्यात.

गोव्याची बाजू म्हणजे ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली गोवेकरांची सामाजिक संस्था. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून शिक्षण-नोकरीसाठी मुंबईला आलेल्या माणसांना तिचा आधार होता. तिचा कलाविभाग नाटकं करू लागला. त्यात काम करणारी माणसं बहुतेक नोकरदार, दिवसा कचेरीत आणि संध्याकाळी तालमीला. देवळातल्या उत्सवांत, भजनांत, नाटकांत वाढलेले गोव्याचे गळे मुंबईच्या कचेऱ्यांत बसले होते. संस्थेने त्यांना एकत्र आणलं.

रामदास कामत त्यांतलेच. मुंबईत एअर इंडियात नोकरी. गाणं शिकले ते गोविंदबुवा अग्नी, भालचंद्र पेंढारकर, जितेंद्र अभिषेकी अशा अनेकांकडे. ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’, ‘सौभद्र’ ही जुनी नाटकं त्यांनी केली. आवाज उंच, धारदार, आणि शब्द काचेसारखा स्वच्छ. तान कितीही घेतली तरी पात्र काय म्हणतंय ते कळायचं.

नाशिकची बाजू म्हणजे दोन लेखक. एक वसंत कानेटकर, नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक. १९५७ चं ‘वेड्याचं घर उन्हात’ आणि १९६२ चं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ यांनी त्यांचं नाव झालेलं. तेही नोकरदारच, वर्गावरून परतून नाटक लिहिणारे. दुसरे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज.

१९६४ मध्ये गोवा हिंदु असोसिएशनने कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आणलं. १९६६ मध्ये शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’. दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकी मंगेशीचे, म्हणजे दीनानाथांच्याच गावचे. आणि दोन्ही नाटकांतली पदं घरोघर पोचली ती कामतांच्या आवाजात. दोन वर्षांत नाशिकच्या दोन लेखकांनी शब्द दिले, गोव्याच्या दोन कलावंतांनी सूर दिले, आणि मराठी संगीत नाटकाला पुढची काही दशकं पुरेल इतकं गाणं तयार झालं.

गोड गाणारा माणूस

या नाटकांत नवं काय होतं? पहिली गोष्ट म्हणजे काटकसर. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या नाटकांत शंभरावर पदं होती. ‘मत्स्यगंधा’त ती मोजकीच. पदं छोटी झाली. अभिषेकींनी रागाचा पाया ठेवला, पण चाल भावगीताइतकी सुटसुटीत बांधली. अर्ध्या तासाच्या आळवणीऐवजी चार-पाच मिनिटांत पात्राची मनःस्थिती सांगून पद बाजूला होऊ लागलं. तोवर नाट्यगृहात माइक आला होता, त्यामुळे उंच गाणं ही सक्ती राहिली नव्हती. बरेच गायक खाली उतरले, कुजबुजीच्या गोडव्याकडे वळले. कामत वरच राहिले. जी उंची पूर्वी शेवटच्या रांगेसाठी लागायची, ती आता पात्राच्या भावनेसाठी वापरायला मोकळी झाली होती.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे, आणि ती लेखकाची आहे. ‘मत्स्यगंधा’ची कथा आठवा. कोळ्याची मुलगी सत्यवती. पराशर ऋषी तिच्या प्रेमात पडतो आणि तिला सोडून जातो. त्या फसवणुकीतून सत्यवती कडवट होते, राजाची राणी व्हायला निघते, आणि तिच्या अटीपायी देवव्रताला भीष्म व्हावं लागतं. महाभारताच्या सगळ्या पुढच्या संहाराचं बीज इथे आहे. आता पाहा, नाटकातली सगळ्यात मोहक पदं कुणाच्या तोंडी आहेत? पराशराच्या. कामतांनी गायलेला पराशर भेटीची आठवण ठेव असं सत्यवतीला विनवतो, हृदय गुंतल्याचं सांगतो, आणि विसरणारा तोच निघतो.

जुन्या नाटकात गोड गळा म्हणजे नायक, आणि नायक म्हणजे भला माणूस, हे गृहीत होतं. धैर्यधर गातो कारण तो शूर आणि निर्मळ आहे. कानेटकरांनी हे गृहीतच हलवलं. सत्यवतीबरोबर प्रेक्षकही त्या सुरांना भुलतो, आणि पराशर निघून गेल्यावर फसवले गेलो ही भावना तिच्या इतकीच त्यालाही होते. हे साधायचं तर पराशराचं गाणं खरोखर अप्रतिम असावं लागतं. गाणं सामान्य असेल तर सत्यवती मूर्ख ठरते. कामतांच्या गळ्यावर नाटकाचा तोल असा अवलंबून होता. सत्यवतीचं काम आशालता वाबगावकरांनी केलं, त्याही गोव्याच्या. आयुष्याच्या निरर्थकतेबद्दलचं तिचं पद ऐकताना त्यामागे पराशराचे सूर आठवत राहतात.

‘ययाति आणि देवयानी’तही असाच एक निघून जाणारा आहे, तो म्हणजे कच. संजीवनी विद्या शिकायला आलेला हा तरुण देवयानीचं प्रेम स्वीकारत नाही. पराशराने फसवलं, कचाने फसवलं नाही, पण मागे राहिलेली स्त्री दोन्हीकडे तितकीच पोळलेली आहे. शिरवाडकर कवी असल्यामुळे त्यांची पदं नाटकाबाहेरही कविता म्हणून उभी राहतात. त्यातली प्रार्थना आज शाळांमधून म्हटली जाते, आणि ती एका नाटकातल्या पात्राच्या तोंडची आहे हे म्हणणाऱ्या मुलांच्या गावीही नसतं.

तीन मिनिटांचा फायदा आणि तोटा

छोट्या पदांचा एक मोठा फायदा झाला. ती रेकॉर्डवर मावली. आकाशवाणीवर वाजली. नाटक न पाहिलेल्यांनीही ती पाठ केली. कामत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचले ते मुख्यतः असे. १९६८ मध्ये त्यांनी ‘धन्य ते गायनी कळा’ या तानसेनावरच्या नाटकातली पदं गायली, ज्याचं संगीत चक्क भीमसेन जोशींचं होतं. तीही रेकॉर्डमुळे टिकली.

तोटाही तोच. रेकॉर्डवर पद मिळतं, प्रसंग मिळत नाही. आज कानाला हेडफोन लावून पराशराचं पद ऐकणाऱ्याला ते निखळ प्रेमगीत वाटतं. लग्नाच्या संगीत रजनीत तरुण गायक ते नवरा-नवरीसाठी म्हणतात! त्या गाण्यातली काळजी, पुढे काय होणार आहे याची सावली, नाटकाबरोबर मागे राहिली. ऑपेरातलंही लोकप्रिय गाणं जाहिरातीत वाजतं, फुटबॉलच्या मैदानावर वाजतं. पण ते ऑपेराच पुढच्या हंगामात कुठल्या ना कुठल्या शहरात पुन्हा लागतं आणि गाणं आपल्या जागी परत जातं. आपल्याकडे गाणं घराबाहेर पडलं आणि परतायला घर नव्हतं.

कारकीर्द म्हणून पाहिलं तर कामतांना मान मिळाला. २००९ मध्ये बीडच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण या माणसाची सगळी गायकी नोकरीच्या दोन टोकांत बसवलेली होती, हे विसरून चालणार नाही. नोकरीने त्यांना एक स्वातंत्र्य दिलं: पोटासाठी वाटेल ते गायची वेळ आली नाही. त्याच नोकरीने किती तासांचा रियाज, किती न झालेले प्रयोग खाल्ले, याचा हिशेब मांडता येत नाही. फ्लोरेसच्या देशात किंवा ला स्कालाच्या शहरात हा गळा पूर्णवेळ गायकाचा झाला असता. इथे तो संध्याकाळी सहानंतरचा गायक होता.

पुढचे

१९६७ मध्ये अभिषेकींनीच संगीत दिलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब अजरामर केला. २०१५ मध्ये त्याचा चित्रपट झाला आणि तुमच्या पिढीने नाट्यसंगीत पुन्हा ऐकलं. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि अभिषेकींचे शिष्य महेश काळे त्यात गायले, महेश काळेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे दोघं आज पूर्णवेळ गायक आहेत, त्यांच्या मैफली भरतात. म्हणजे गळ्याला आता बाजार आहे. पण तो बाजार मैफलीचा आहे. पूर्ण संगीत नाटक, नेपथ्य, वेशभूषा, दहा-पंधरा पात्रं घेऊन, गावोगाव नियमित फिरताना फारसं दिसत नाही.

मग नाटक जिवंत कुठे आहे? महाराष्ट्र शासनाच्या हौशी संगीत नाट्य स्पर्धेत. तिथे दरवर्षी कोकणातल्या, गोव्यातल्या, देशावरच्या संस्था संगीत नाटकं घेऊन उतरतात. गाणारे शिक्षक असतात, बँकेत कामाला असतात, एसटीत असतात. रजा टाकून येतात. साठीच्या दशकात ज्या पद्धतीने हे नाटक उभं राहिलं, त्याच पद्धतीने ते तगून आहे: दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम.

तुमच्या गावाजवळ अशा स्पर्धेचा प्रयोग लागला, तर जाऊन बसा. तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त असतं आणि समोरची अर्धी खुर्च्यांची रांग रिकामी असते. एखाद्या पदाला मन भरलं नाही तर मोठ्याने ‘वन्स मोअर’ म्हणा. ला स्कालात त्यासाठी नियम मोडावा लागला. इथे गाणाऱ्याला ते ऐकायची सवय मोडत चालली आहे.